दादांचा डग्गा

गाडीच्या डिकीत स्पीकरची पेटी बसवणाऱ्यांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नव्हतं. लग्नसराईत डीजेच्या भिंतीसमोरून जाताना छातीत जे धडधडतं, ते दुखणं पदरचे पैसे मोजून घरच्या गाडीत कशाला आणायचं? त्यामुळे दिवाळीला पुतण्या जालन्यात आला आणि डिकी उघडून त्यानं आपला नवा सबवूफर दाखवला, तेव्हा मी ‘छान’ एवढंच म्हणालो.

“काका, बसा तर खरं. बाबांची कॅसेट लावतो.”

दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, अंबडला भजनात तबला वाजवत. १९८७ साली आमच्या घरी झालेल्या भजनाची एक कॅसेट तेवढी मागे उरली आहे. ती मी किती वेळा ऐकली असेल, गणती नाही. पण टेपच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तबल्याची चाट तेवढी खणखणीत यायची, डग्गा नुसता पुटपुटायचा. आणि दादांचा हात होता तो डग्ग्यावर! पुतण्यानं ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती.

आवाज आला खरा. धम्, धम्, धम्. प्रत्येक आघात सारखा. मनगट कातड्यावर दाबत, सरकवत दादा जी मींड काढत, ती कुठेच नव्हती.

“हे दादा नाहीत,” मी म्हणालो. पोराचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना.

दुसऱ्या दिवशी अंगणात पेटी खोलून बसलो. दहा इंची स्पीकर आणि पेटी आतून जेमतेम १५ लिटरची. त्यात स्पीकरचा लोहचुंबकही थोडी जागा खातो. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. पडदा आत गेला की ती दबते आणि त्याला परत ढकलते. एडगर विलचर या अमेरिकन संशोधकानं १९५४ साली या हवेच्या स्प्रिंगवर चालणारा छोटा स्पीकर बाजारात आणला आणि लहान पेटीतूनही खोल खर्ज काढून दाखवला. पण पेटी गरजेपेक्षा लहान झाली की स्प्रिंग ताठरते आणि एकाच पट्टीच्या आसपासचा आवाज फुगतो. या धंद्यातला एक जुना नियम हॉफमनच्या नावानं ओळखला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींतले दोनच मिळतात. मला तो लगेच पटला. तारण नको, व्याज कमी, मुदत लांब असं एका दमात मागणारे कर्जदार मी नोकरीभर पाहिले होते.

मोठी पेटी केली असती तर डिकीत सामानाला जागा उरली नसती. तेव्हा आवाजाचा मोठेपणा सोडायचा, असं ठरलं. पेटीचे सांधे सिलिकॉननं बंद केले. उशीत भरतात तो फायबर आत सैलसर भरला. त्याचे तंतू दबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, त्यामुळे पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. ठासून भरला तर मात्र उपयोग होत नाही.

खरा घोटाळा अँप्लिफायरवर होता. दुकानातल्या माणसानं ‘बास बूस्ट’ पूर्ण चढवून ठेवला होता. बंद गाडी मुळातच खोल खर्ज उचलून धरते. ४० हर्ट्झची ध्वनिलहर साडेआठ मीटरची आणि गाडी जेमतेम चार मीटरची, म्हणून हा चमत्कार. त्यावर आणखी बूस्ट म्हणजे वरणात दोनदा मीठ. तो शून्यावर आणला. ‘गेन’ला लोक आवाजाचं बटण समजतात, ते टेपकडून येणाऱ्या संकेताशी अँप्लिफायरचा मेळ घालण्यासाठी असतं. आवाज फाटेपर्यंत वाढवून मग बराच मागे घेतला. फिल्टर १२० वरून ८० हर्ट्झवर आणला. त्याखालचं काम पेटीचं, वरचं दारातल्या स्पीकरांचं. डग्ग्याची मींड या सीमेवरूनच ये-जा करते. दोघांचा मेळ नसेल तर ती मध्येच तुटते. त्यासाठी फेजचा खटका असतो. मी पुढे चालकाच्या जागी बसलो, पुतण्या मागे खटका इकडून तिकडे करत राहिला. एका बाजूला आवाज पोकळ, दुसऱ्या बाजूला भरीव. भरीव ठेवला. नंबरप्लेट खडखडत होती, तिच्यामागे फेल्टचा तुकडा चिकटवला.

संध्याकाळी अंबडच्या रस्त्याला निघालो. गाव जवळ आल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. काचा मात्र मी खाली करू दिल्या नाहीत. काचा उघडल्या की खर्ज पातळ होतो, हे आता मलाही कळत होतं.

आधी ऐकू आली ती एक बारीक घूं. आमच्या घरातली वीज! ५० हर्ट्झची ती गुणगुण कॅसेटमध्ये उतरली होती आणि आजवर कुणाला ऐकूच आली नव्हती.

“काढून टाकतो ती कॉम्प्युटरवर,” पुतण्या म्हणाला.

“राहू दे.”

मग दादांचा हात पडला. आघात, आणि त्याच्या पोटातून वर चढत गेलेली मींड, पुन्हा खाली येऊन समेवर थांबलेली. आवाज कालच्या निम्माही नव्हता. पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

“आता, काका?” त्यानं विचारलं.

“गेन अजून थोडा कमी कर,” मी म्हणालो, “आणि पहिल्यापासून लाव.”