गॅसच्या टाकीचे वजन

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी किंचित हलविली, तर आत द्रव डचमळल्याचे जाणवते. नावाने तो वायू असला, तरी टाकीत बहुतांशी द्रवच असतो. प्रोपेन व ब्यूटेन ह्यांचे ते मिश्रण होय. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, तर ब्यूटेन शून्य अंशाच्या किंचित खाली. म्हणजे आपल्याकडील नेहमीच्या उष्णतामानात दोन्ही वायुरूपच असावयाचे. परंतु बंद टाकीतील दाबामुळे ते द्रव होऊन राहतात. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. लहानशा टाकीत महिनाभराचे इंधन मावते ते ह्यामुळेच.

टाकीत गॅस किती उरला, हे दाबावरून कळेल काय? नाही. थोडाफार द्रव शिल्लक असेतोवर त्यावरील बाष्पाचा दाब मुख्यतः उष्णतामानावर अवलंबून असतो. एकाच खोलीतील भरलेली टाकी आणि अर्धी टाकी ह्यांचा दाब जवळजवळ सारखाच आढळेल. म्हणून विश्वासाचे माप एकच, ते म्हणजे वजन.

भारतातील नेहमीच्या घरगुती टाकीत १४.२ किलोग्रॅम गॅस भरतात. रिकाम्या टाकीचे वजन मात्र प्रत्येक टाकीगणिक थोडे निराळे असते. ते तिच्यावरच नोंदलेले असते. समजा, ही नोंद १५.८ किलोग्रॅम आहे. मग भरलेली टाकी काट्यावर ३० किलोग्रॅम भरली पाहिजे. काही दिवसांनी ती २१.५ किलोग्रॅम भरली, तर ५.७ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे दोन-पंचमांश गॅस शिल्लक आहे असे समजावे. नवी टाकी घेताना ती आपल्यासमोर तोलून मागावी, ती ह्याच हिशेबासाठी.

आता दुसरी शंका. ह्या टाकीत पाणी भरले, तर ते ३३.३ लिटर मावेल. उलट १४.२ किलोग्रॅम द्रव-गॅस साधारणपणे २६ लिटर जागा व्यापतो. मग उरलेली जागा रिकामी का? ही जागा हेतुपुरस्सर सोडलेली असते. उन्हाने वा आगीच्या धगीने टाकी तापली की द्रव प्रसरण पावतो. वर बाष्पाची जागा असेल, तर त्या प्रसरणास वाव मिळतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर मात्र द्रव सहजी दाबला जात नसल्यामुळे दाब एकाएकी वाढतो आणि पोलादी कवचही फुटू शकते. टाकी उभीच ठेवावयाची, तीही ह्या बाष्पाच्या जागेसाठी. आडव्या टाकीतून बाष्पाऐवजी द्रवच शेगडीकडे जाण्याचा संभव असतो.

वजन कमी भरले, तर ग्राहकाचे पैसे बुडतात; ठरलेल्यापेक्षा अधिक भरले, तर घरातील माणसांच्या जिवाला धोका संभवतो. टाकीवरील आकडा ह्या दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो, आणि तो पडताळण्यास साधा तराजू पुरतो.