जात्यावर बसल्यावर

आजी ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा मी एकदा वही घेऊन तिच्यासमोर बसले. तिला शेकडो ओव्या येतात, हे घरात सगळ्यांना माहीत. पण खुर्चीत बसून तिला एक म्हणता एक आठवेना. "अशी न्हाय येत गं ती," एवढंच म्हणाली. मग पडवीतलं जातं पुसून घेतलं. मूठभर ज्वारीचा घास घातला, तिने खुंट्याला हात लावला, दगड घरघरू लागला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तिच्या तोंडून भावाचं नाव आलं आणि मग ओळीमागून ओळ येत राहिली. मध्ये आवाज कापरा झाला, डोळे वाहू लागले. हात मात्र थांबला नाही.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण काम अंगावर पडलं की जमतं, अशा अर्थाने वापरतो. त्या दिवशी तिचा सरळ अर्थ मला कळला. आधी लय अंगात भिनते, शब्द आणि भावना तिच्या मागून येतात. माणूस का गातो, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हेच.

प्रश्न जुना आहे. संगीताचा रोजच्या जगण्यात काही उपयोग दिसत नाही, म्हणून डार्विनने १८७१ साली ही माणसाची एक अत्यंत गूढ शक्ती मानली आणि तिचं मूळ जोडीदाराला रिझवण्यात शोधलं. स्टीव्हन पिंकर यांनी १९९७ मध्ये संगीताला कानांचं चीजकेक म्हटलं; म्हणजे गोड, पण पोषणाला नको. मला हे मुळीच पटत नाही. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची एक बासरी सापडली. बोटांसाठी पाच भोकं, वय सुमारे पस्तीस ते चाळीस हजार वर्षं. हिमयुगात, पोट भरण्याची भ्रांत असताना, कुणीतरी दगडी हत्याराने ती भोकं जपून कोरली होती. केवळ चैनीसाठी एवढा खटाटोप कोण करील?

लय तर आपण जन्मतःच घेऊन येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, वजनाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या लहरींत ती चूक लगेच उमटली. चिंपांझी आपले एवढे जवळचे, पण ठेका धरणं त्यांना सहज जमत नाही. स्नोबॉल नावाच्या एका काकाकुवाला मात्र जमलं!

आणि ही लय एकट्याची राहत नाही. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवरचा २०१० सालचा अभ्यास मला फार बोलका वाटतो. तेवढीच मेहनत एकट्याने केली तेव्हापेक्षा सगळ्यांनी एका तालात केली तेव्हा त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढली. शरीर स्वतःच तयार करतं त्या एंडॉर्फिन या वेदनाशामकाचा हा परिणाम असावा, असं संशोधक मानतात. वारीत टाळाच्या ठेक्यावर मैलोन् मैल पडणारी पावलं, किंवा एका खुंट्याला हात लावून समोरासमोर बसलेल्या सासू-सुना डोळ्यांसमोर आणा. पहाटेचं पायलीभर दळण त्याशिवाय उरकलं नसतं.

ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं? माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवताना पाहिलं. ते दोनदा स्रवलं, मेंदूच्या दोन वेगवेगळ्या भागांत. एकदा तो क्षण आला तेव्हा, आणि त्याआधी, तो येणार या नुसत्या ओढीनेही. मैफलीत बसणाऱ्याला हे सांगायला नको. तिहाई सुरू झाली की आपण समेची वाट पाहतो. सम आली की सगळ्या सभागृहाची मान एकदम हलते. आनंद त्या वाट पाहण्यातही असतो.

दुःखाचं गाणं हलकं का करतं, याचं उत्तर मला जात्यापाशीच मिळतं. माहेर तुटल्याचं, मूल गेल्याचं, नवऱ्याच्या माराचं दुःख बाई चारचौघांत बोलू शकत नव्हती. ओवीत बोलू शकत होती. दुःखाला चाल मिळाली की त्याला सुरुवात मिळते, शेवट मिळतो, श्वास घ्यायला जागा मिळते. रडताना श्वास तुटतो, गाताना तो आवरावाच लागतो. आणि शेजारची बाई तीच ओळ उचलते, तेव्हा ते दुःख एकटीचं उरत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या आज वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. पण गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि न लिहिलेल्या किती ओव्या बायांबरोबर गेल्या, त्याची मोजदाद नाही.

तुमच्या घरात कुणी आजी, आत्या, मावशी असेल, तर या दिवाळीत तिच्यापाशी बसा. वही नंतर काढा. आधी जातं शोधा. नसेल तर पाळण्याची दोरी तिच्या हातात द्या, आणि हात हलू लागेपर्यंत थांबा.