भावना टोकाला नेणारे तुर्की व्याकरण

संतापलेला तुर्की माणूस नुसता ‘मोर’, म्हणजे जांभळा, होत नाही, ‘मोसमोर’ होतो. भीतीने पिवळा पडला की ‘सारी’चे ‘सापसारी’ होते. ‘याल्निझ’ म्हणजे एकटा. ज्याला जगात कुणीच उरले नाही तो ‘यापायाल्निझ’. ‘खूप’ या अर्थाचा ‘चोक’ हा शब्द तुर्कीत सर्रास वापरतात, पण भावना टोकाला गेली की तो थिटा पडतो.

मग शब्दच बदलतो. सुरुवातीचा स्वरापर्यंतचा तुकडा घ्यायचा, त्याला प, म, स, र यांपैकी एक व्यंजन लावायचे आणि तो मूळ शब्दाआधी जोडायचा. ‘यापायाल्निझ’सारख्या काही रूपांत मध्ये ‘आ’ही येतो. मराठी ‘पांढराफटक’, ‘लालभडक’ म्हणताना जोर मागून लावते, तुर्की पुढून. स्वराने सुरू होणारे शब्द ‘प’ घेतात. बाकीच्यांना चारांतले कोणते व्यंजन लागेल, हे नियमावरून नेमके सांगता येत नाही. मुले ते ऐकूनच शिकतात. ही रीत जुनी आहे. 11व्या शतकात महमूद काश्गरीने अरबीत रचलेल्या तुर्की बोलींच्या कोशातही तिची नोंद सापडते.

क्रियापदांची तऱ्हा याहून धीट. ‘ओल’ म्हणजे मरणे. त्याला ‘-एसिये’ हा प्रत्यय लावला की ‘ओलेसिये’, मरेपर्यंत. ‘ओलेसिये सेव्मेक’ म्हणजे जीव जाईल इतके प्रेम करणे. ‘चिल्दिरासिया’ म्हणजे वेड लागेपर्यंत. भावना कुठवर पोचली, ती हद्दच प्रत्ययात सामावलेली असते.

भावनेचे कारण सांगायला तुर्की पंचमी वापरते. ‘सेविन्च’ म्हणजे आनंद. ‘सेविन्चतेन उच्माक’, आनंदातून थेट उडणे. उत्सुकतेतून माणूस तडकतो, लाजेतून जमिनीच्या तळाशी जातो आणि भीतीतून त्याचे पित्त फुटते.

सर्वांत हृद्य वाटते ते अर्धे सोडलेले वाक्य. ‘ओ कादार सेविन्दिम की...’, म्हणजे ‘मला इतका आनंद झाला की...’. पुढचे काही बोलायचेच नाही. हा ‘की’ तुर्कीने फारसीतून घेतला. मराठी कानाला तो लगेच ओळखू येतो.

तुर्की मालिका मूळ आवाजात पाहताना एवढे जरूर ऐका: तुर्की शब्दात आघात सहसा शेवटी असतो, ‘मोसमोर’सारख्या रूपांत मात्र तो पहिल्याच अक्षरावर पडतो.