मक्यातून आलेले पितर

आपल्याकडे पितर भाद्रपदात येतात, कावळ्याच्या चोचीने पान शिवतात आणि जातात. अमेरिकेतले मक्याच्या शेतातून येतात, तेही बॅट-बॉल घेऊन! ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ची गोष्ट एवढीच. आयोवातल्या एका शेतकऱ्याला आवाज ऐकू येतो, तो उभं पीक मोडून बेसबॉलचं मैदान करतो आणि कधीच गेलेले खेळाडू तिथे खेळायला येतात. शेवटी वडीलही येतात. ग्वारीघाटावर तर्पण करून आलेल्या जबलपूरकराला हे कळायला बेसबॉलचे नियम यावे लागत नाहीत.

चित्रपट १९८९चा. तिशी गाठली तेव्हा, २०१९ मध्ये, त्याची ‘४के’ डिस्क निघाली. प्रेमनाथच्या एम्पायर टॉकीजचा तोरा आठवणाऱ्या आपल्या गावात डिस्कवर पिक्चर बघणं म्हणजे जरा कमीपणाच. पण टॉकीजमध्ये पॉजचं बटण नसतं, आणि इथे थांबून बघण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी ती हिरवळ बघा. १९८८च्या उन्हाळ्यात आयोवात दुष्काळ होता. मक्याला मुद्दाम पाणी द्यावं लागलं, आणि मैदानावरचं गवत वाळलं तेव्हा चक्क हिरवा रंग मारला. ‘४के’वर जे लखलखतं ते निम्मं डब्यातलं.

मग मक्यातून येणाऱ्या खेळाडूंतला शूलेस जो जॅक्सन. खरा जॅक्सन डावखुरी बॅटिंग करायचा आणि उजव्या हाताने चेंडू फेकायचा. त्याच्या भूमिकेतला रे लिओटा नेमकं उलटं करतो. आपल्याकडे गांगुलीला पडद्यावर उजव्या हाताने खेळवलं असतं, तर दिग्दर्शकाला कोलकात्यात पाय ठेवता आला नसता. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमधल्या फिक्सिंगपायी जॅक्सनसह आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली, तीही १९२१ मध्ये कोर्टातून निर्दोष सुटल्यावर. ती उठली मे २०२५ मध्ये. जॅक्सन १९५१ सालीच वारला होता.

पण सगळ्यांत भारी माणूस म्हणजे मूनलाइट ग्रॅहम. हे पात्र कुणी रचलेलं नाही. २९ जून १९०५ रोजी तो न्यूयॉर्क जायंट्सकडून मैदानात उतरला, फील्डिंग केली, आणि बॅटिंगची पाळी येणार तेवढ्यात डाव आटोपला. मोठ्या लीगमधली त्याची कारकीर्द संपली ती तिथेच. पुढे मिनेसोटातल्या चिझम गावात त्याने आयुष्यभर डॉक्टरकी केली. मूळ कादंबरीचे लेखक डब्ल्यू. पी. किन्सेला यांना बेसबॉलच्या जाडजूड कोशात ही नोंद सापडली आणि नावावरच ते भाळले. चित्रपटात १९०५चं १९२२ केलंय, ते सोडून देऊ. कारण म्हातारा ग्रॅहम झालाय बर्ट लँकेस्टर, आणि मोठ्या पडद्यासाठी केलेलं त्याचं हे शेवटचं काम.

कादंबरीत शेतकरी ज्या लेखकाला पळवून आणतो, तो खुद्द जे. डी. सॅलिंजर! कोर्टकचेरीच्या धास्तीने पडद्यावर त्याचा टेरेन्स मान झाला. ती भूमिका जेम्स अर्ल जोन्सची, म्हणजे डार्थ व्हेडरला आवाज देणाऱ्याची. शेतातला गूढ आवाज मात्र कुणाचा, हे गुलदस्त्यात. श्रेयनामावलीत त्याच्यापुढे ‘स्वतः’ एवढंच लिहिलंय. आणि बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या गर्दीत दोन पोरं बसलीत, मॅट डेमन आणि बेन ॲफ्लेक. शोधत बसू नका, दिसत नाहीत.

शेवटच्या शॉटमध्ये दूरवर गाड्यांचा प्रकाश सरकतो. तिथे गावकऱ्यांच्या सुमारे १५०० गाड्या उभ्या होत्या, आणि बऱ्याचशा जागच्या हलतच नव्हत्या. हेडलाइट डिपर-अपर करत राहा, असं सांगितलं होतं. हेलिकॉप्टरमधून ती रांग चालतेय असं वाटलं. ट्रकवाल्यांच्या डिपरला आपण उगाच नावं ठेवतो.

१२ ऑगस्ट २०२१ रोजी तिथेच, शेजारी मुद्दाम बांधलेल्या मैदानावर, खरीखुरी लीग मॅच झाली. शिकागो व्हाइट सॉक्सच्या टिम अँडरसनने शेवटच्या डावात चेंडू मक्यात भिरकावला आणि यँकीजना ९-८ हरवलं.

आता नर्मदेकाठी कुणी असं मैदान बांधलं, तर पहिला हजर होईल रूप सिंग. मेजर ध्यानचंद यांचा हा धाकटा भाऊ १९०८ मध्ये जबलपुरात जन्मला. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेला २४-१ असं धुतलं, त्यातले १० गोल एकट्या रूप सिंगचे. समोरच्या संघात कोण उतरणार, हे आयोवावाल्यांना आधी विचारून घेतलेलं बरं.