कोहळा की लाल भोपळा? निवड आणि पाककर्म

हेमंत ऋतूत बाजारात पक्व कोहळे व लाल भोपळे यांच्या राशी दिसू लागतात. दोन्ही फळे एकाच कुलातील असली तरी एकाच्या जागी दुसरे योजता येत नाही, हे आम्हांला एका रुग्णेने शिकविले. विदर्भातून आलेल्या या भगिनीस अम्लपित्तासाठी आम्ही नित्य कोहळा सेवन करण्यास सांगितले होते. महिन्याभरात उपशय न मिळाल्याने अधिक विचारणा करता कळले, की त्या श्रद्धेने लाल भोपळा खात होत्या. विदर्भात लाल भोपळ्यासच कोहळे म्हणतात. दोष रुग्णेचा नव्हे, आमच्या पथ्यपत्रकाचा होता.

संहितांतील कूष्मांड म्हणजे पांढऱ्या गराचा, अंगावर राखेसारखी लव धरणारा कोहळा होय. लाल भोपळ्याचे मूळ अमेरिका खंडात असून तो सोळाव्या शतकानंतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आला. त्यामुळे कूष्मांडाचे गुण त्याला परस्पर चिकटविणे योग्य नाही.

कोहळ्याच्या बाबतीत अवस्थाभेदही महत्त्वाचा आहे. भावप्रकाशानुसार कोवळे फळ शीत व पित्तघ्न, मध्यम कफकारक, तर जून फळ लघु, दीपन व बस्तिशोधक असते. म्हणून अवलेहासाठी जून फळच घ्यावे. नख न रुतणारी साल, वाळलेला देठ, आकाराच्या मानाने चांगले वजन आणि दाट पांढरी लव ही त्याची लक्षणे होत. लाल भोपळा घेताना साल कठीण, चकाकी नसलेली व देठ शाबूत असावा. कापलेली फोड घेतल्यास गर गडद केशरी असावा, बियांभोवतीचा भाग बुळबुळीत नसावा. अखंड फळ कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकते. फोड मात्र दोन-तीन दिवसांत संपवावी.

अवलेहासाठी कोहळ्याची साल व बिया काढून गर किसावा, उकडून पिळावा. निघालेला रस राखून ठेवावा. कीस थोडा वाळवून तुपात मंद आचेवर मधासारखा रंग येईपर्यंत परतावा. ही पायरी घाईने उरकल्यास ओलावा राहतो आणि बरणीत बुरशी धरते. पुढे राखलेल्या रसात साखरेसह पाक करून सुंठ, पिंपळी, जिरे आदी प्रक्षेप घालावेत. मध पूर्ण थंड झाल्यावरच मिसळावा.

लाल भोपळा पाणी न घालता, झाकण ठेवून अंगच्या रसात शिजवावा. त्यातील बीटा कॅरोटीन स्नेहात विरघळणारे असल्याने तुपाची अथवा तेलाची फोडणी हितकर ठरते. मधुमेही रुग्णांस भाजी बेताने द्यावी. गुळाचे घारगे टाळावेत.

एक सावधगिरी दोन्ही फळांस लागू आहे. कच्चा तुकडा चाखता कडू लागल्यास फळ टाकून द्यावे. हा कडवटपणा विषारी द्रव्याचा असून शिजविल्याने जात नाही.

औषधनिर्मात्या बंधूंना आमची विनंती आहे, की मागणीपत्रात केवळ ‘कोहळा’ न लिहिता ‘पांढऱ्या गराचा, पेठ्याचा कोहळा, जून’ असे लिहावे आणि माल उतरताच एक फळ कापून पाहावे. वैद्यबंधूंनी पथ्य सांगताना रुग्णाचे गाव विचारावे. त्या प्रसंगापासून आम्ही पथ्यपत्रकावर दोन्ही फळांची चित्रे छापली आहेत.