सारखी थैली, वेगळे निकाल

भातकापणी उरकून मळे मोकळे झाले की आचरा-मालवण पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. वाडीवाडीचे संघ उतरतात, मे महिन्यात मुंबईच्या चाकरमान्यांची त्यात भर पडते. कोकणात आता लिलावाच्या स्पर्धाही रुळल्या आहेत. प्रत्येक संघमालकाला सारखेच पॉइंट मिळतात आणि तेवढ्यातच त्याने संघ बांधायचा असतो. काही स्पर्धांत ‘एक गाव, एक संघ’ अशी अट असते, बाहेरचा खेळाडू चालत नाही. दोन्ही नियमांमागचा हेतू एकच. ज्याच्या खिशात जास्त पैसा त्यानेच सगळे चांगले खेळाडू उचलले, तर पिरावाडीच्या किंवा हिर्लेवाडीच्या पोरांनी मैदानात उतरायचे कशासाठी?

हा प्रश्न अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये फार आधी उभा राहिला. तिथे एकदा करार झाला की क्लबच्या मर्जीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. हे बंधन सुटले तर श्रीमंत क्लब सगळे खेळाडू पळवतील, असे मालक सांगत. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये या युक्तिवादाची चिकित्सा केली. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना पाहायला लोक येत नाहीत, म्हणून सगळे खेळाडू जमवणाऱ्या क्लबचा स्वतःचाच गल्ला घटेल, असे त्यांचे म्हणणे होते. बंधनामुळे संघ समतोल होत नाहीत, खेळाडूचे मोल तेवढे मालकाच्या खिशात जाते, हा त्यांचा निष्कर्ष आजही वादाच्या केंद्रस्थानी आहे.

समतोल मोजायचा कसा?

त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. सगळे संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणेफेकीने लागतो, असे समजा. तरीही सगळ्यांचे विजय सारखे होणार नाहीत, नशिबाने कोणी वर जाईल, कोणी खाली. हा फरक किती असेल ते गणिताने सांगता येते. सामन्यांच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याचे अर्धे केले की विजयांचे अपेक्षित प्रमाण विचलन मिळते. बहुतेक संघ सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या दुपटीच्या आत राहतात. खऱ्या गुणतक्त्यातले विचलन या आकड्याच्या किती पट आहे, ते पाहायचे. एकच्या आसपास आले तर स्पर्धा समतोल, जितके वर जाईल तितकी विषमता जास्त. रॉजर नॉल आणि जेरल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने हे गुणोत्तर ओळखले जाते.

२०२४ची आयपीएल घेऊ, तिथेही सगळ्या संघांची थैली सारखीच असते. साखळीत प्रत्येकी १४ सामने होते, म्हणजे नाणेफेकीचे विचलन १.८७ विजय. कोलकात्याचे २० गुण, मुंबई इंडियन्सचे ८ आणि मधले तब्बल चार संघ प्रत्येकी १४ गुणांवर. अनिर्णित सामन्याला अर्धा विजय धरून हिशेब केला, तर प्रत्यक्ष विचलन १.६६ येते. गुणोत्तर एकपेक्षाही कमी! म्हणजे तो तक्ता नाणी उडवून तयार केला असता, तरी सहसा याहून जास्त पसरला असता. पाच वेळा विजेती ठरलेली मुंबई त्या वर्षी तळाला होती आणि पुढच्याच वर्षी बाद फेरीत पोचली.

आता २००२चे बेसबॉल. तिथे वेतनावर पक्की मर्यादा नव्हती, आजही नाही. आता ठरावीक रकमेपुढे खर्च केला तर क्लबला कर भरावा लागतो, एवढेच. हंगामात १६२ सामने, नाणेफेकीचे विचलन ६.४, म्हणजे जवळपास सगळे संघ ६८ ते ९४ विजयांच्या दरम्यान असायला हवेत. प्रत्यक्षात तीन संघांनी शंभरी ओलांडली आणि दोन संघ ५५वर अडकले. न्यूयॉर्क यांकीजचे वेतन सुमारे साडेबारा कोटी डॉलर होते, ओकलंडचे सुमारे चार कोटी, आणि दोघांचेही विजय १०३. इतरांनी कमी लेखलेली गुणवत्ता ओकलंडने आकडेवारीतून हेरली होती. पैशाची तफावत हुशारीने भरून काढता येते, हे त्या वर्षाने दाखवले. मात्र असे ओकलंड दरवर्षी उगवत नाहीत.

सारखा पैसा, तरीही दरी

मग सर्वांना सारखी थैली दिली की प्रश्न सुटला का? प्रो कबड्डीकडे पाहा. २०२३-२४च्या हंगामात बारा संघांना खेळाडूंवरच्या खर्चासाठी प्रत्येकी पाच कोटी रुपयांची मर्यादा होती. बावीस सामन्यांत नाणेफेकीने साधारण सहा ते सोळा विजय मिळायला हवेत. पुणेरी पलटणने १७ जिंकले, फक्त दोन गमावले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. तेलुगू टायटन्सने जेमतेम दोन जिंकले.

याचे एक कारण खेळाच्या घडणीत आहे. ट्वेन्टी-ट्वेन्टीत एक सुटलेला झेल किंवा एक महाग षटक सामना फिरवते, त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा असतो. कबड्डीत चाळीस मिनिटांत तेच सात जण तीस-तीस सेकंदांच्या कितीतरी चढायांत पुन्हापुन्हा समोरासमोर येतात. प्रत्येक चढाई कौशल्याची नवी परीक्षा असते आणि सामना संपेपर्यंत वरचढ संघ वरचढ ठरतो. बेसबॉलच्या एका सामन्यात नशीब जोरात असते, यांकीजसारखा संघही तीनपैकी दोनच सामने जिंकतो. पण १६२ सामन्यांत ते नशीब विरून जाते.

दुसरे कारण संघबांधणीचे. टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख मोजले, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. पुणेरीनेही मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते. फरक उरलेल्या निम्म्यात पडला. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखे खेळाडू पुण्याने आपल्याच युवा अकादमीत घडवले होते. आदल्या हंगामात तर सर्वात महागडा पवन तमिळ थलायवाजकडे होता. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याच्याविना तो संघ उपांत्य फेरीत पोचला.

सारख्या थैलीमुळे श्रीमंतीची स्पर्धा थांबते आणि पारख व मशागत यांची स्पर्धा सुरू होते. हा बदल मला मोलाचा वाटतो. पण त्याची किंमत खेळाडू मोजतात, हेही विसरता कामा नये. मर्यादा असली की मोठ्या नावांवर पैसा ओतला जातो आणि राखीव खेळाडूंच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून कमाल मर्यादेसोबत किमान मानधनाचा नियमही तितकाच कडक हवा.

मळ्यावर काय करता येईल?

गावच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या आणि थोड्या षटकांच्या असतात. तिथे नशीब इतके प्रबळ असते की दुबळी वाडीही एखाद्या दिवशी चषक नेते. रंगत हवी असेल तर हीच पद्धत उत्तम. सरस संघ शोधायचा असेल तर साखळी सामने वाढवावे लागतील. दोन्ही एकदम साधत नाही, आयोजकांनी आधी ठरवावे.

तेच ते संघ दरवर्षी हरत असतील, तर सारखे पॉइंटही पुरे पडत नाहीत. अमेरिकन फुटबॉलने १९३६ पासून आणि बेसबॉलने १९६५ पासून नव्या खेळाडूंच्या निवडीत मागच्या वर्षी तळाला राहिलेल्यांना आधी संधी दिली. आपल्याकडच्या लिलावात हरलेल्या वाडीला पहिल्या एक-दोन खेळाडूंची थेट निवड देणे सहज शक्य आहे, त्याला एक रुपयाही लागत नाही.

आणि बक्षिसाच्या रकमेतला थोडा वाटा दरवर्षी शाळकरी मुलामुलींच्या सरावासाठी बाजूला काढावा. लिलाव आहे तेच खेळाडू वाटून देतो, नवा खेळाडू तयार करत नाही. पुण्याला जे अकादमीने दिले, ते पारवाडीच्या मुलीला गावातल्या मोकळ्या मळ्यावर, वर्षभर शिकवणाऱ्या एखाद्या जाणत्या खेळाडूकडून मिळू शकते. ते मिळाले, तरच सारखे पॉइंट वाटण्याला खरा अर्थ येईल.