रिपोर्ट नॉर्मल, तरी पायात ताकद नाही: 'टेन्शन' हे उत्तर पुरेसं आहे का?

अचानक पायातली ताकद जाते, हात थरथरतो, झटके येतात. एमआरआय नॉर्मल, रक्ततपासणीही नॉर्मल. मग ऐकावं लागतं, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." पण त्रास तर सुरूच असतो. अशा वेळी नेमकं काय झालेलं असू शकतं?

एफएनडी म्हणजे काय?

एक शक्यता म्हणजे फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजेच एफएनडी. यात मेंदूला इजा झालेली नसते, पण मेंदू आणि शरीर यांच्यातल्या संदेशांची देवाणघेवाण बिघडते. पूर्वी याला 'हिस्टेरिया' म्हणत. रुग्ण नाटक करत नसतो, लक्षणं खरी असतात.

तणावामुळे हा त्रास वाढू शकतो. पण प्रत्येकाच्या बाबतीत तणाव सापडतोच असं नाही. म्हणूनच २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन नियमावलीने निदानासाठी मानसिक ताण सापडण्याची अट काढून टाकली.

निदान कसं होतं?

फक्त रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून एफएनडी म्हणता येत नाही. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. उदाहरणार्थ, १९०८ पासून माहीत असलेली 'हूव्हर साइन'. रुग्णाला कमजोर पायाची टाच खाली दाबता येत नाही. पण दुसरा पाय जोर लावून उचलायला सांगितला, की तीच टाच आपोआप खाली दाबली जाते. झटके येत असतील तर व्हिडिओ ईईजी उपयोगी पडतो.

निदान चुकतं का?

२००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, १९५० च्या दशकात अशी सुमारे २९ टक्के निदानं नंतर चुकीची ठरली होती. १९७० नंतर हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर आलं. म्हणजे धोका कमी झाला, पण संपलेला नाही.

बी-१२ ची कमतरता हे साधं उदाहरण. मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा ही तिची लक्षणं असू शकतात. शाकाहारी लोकांमध्ये ती जास्त आढळते. दुर्मिळ उदाहरण म्हणजे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते, आणि सुरुवातीची लक्षणं अनेकदा मानसिक आजारासारखी दिसतात. या आजाराचं कारण २००७ मध्ये कळलं.

डॉक्टरांना काय विचाराल?

- हे निदान कोणत्या खुणांवरून केलं?
- बी-१२, थायरॉइड तपासून झालं का?
- कोणतं नवं लक्षण दिसलं तर पुन्हा तपासणी करायची?
- उपचार काय? (एफएनडीमध्ये विशेष फिजिओथेरपीचा अनेकांना फायदा होतो.)

त्रास कधी होतो, किती वेळ टिकतो याची नोंद ठेवा. शक्य असेल तर झटक्याचा व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

मात्र चेहरा अचानक वाकडा झाला, एका बाजूची ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर कारण शोधत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.